आधी आई उतरू देत

त्या घरात येणाऱ्या सुनेला स्वयंपाक येतो का, शिक्षण किती, असलं काही कुणी विचारलं नाही. सासूबाईंनी एकच विचारलं, "रिव्हर्स येतो का?"

मुलगी तेव्हा एका लॉन्ड्रीसाठी स्वतःचा टेम्पो चालवत होती. हॉटेलांच्या मळक्या चादरी न्यायच्या, धुतलेल्या पोचवायच्या. वडील जन्मभर ट्रकवर होते, त्यांनीच तिला स्टेअरिंगवर बसवून जड वाहनाचं लायसन्स काढून दिलं होतं, आणि ते गेल्यावर तिला आपलं म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. "येतो," ती म्हणाली.

"अरुंद गल्लीत?"

"हो."

"आणि गाडीत चार माणसं ओरडत असली तर?"

मुलीला वाटलं, बाई जरा विक्षिप्त दिसते, पण मुलगा बरा आहे, बोलायला मऊ आहे, निभावून जाईल. गाडी चालवताना तिचा अंदाज कधी वीतभरही चुकला नव्हता. इथे चुकला, आणि असा चुकला की पुढची कित्येक वर्षं ती तो निस्तरत बसली.

कारण ते घर बँका लुटायचं.

लुटारू म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे काहीतरी रुबाबदार येतं. तसलं इथे काही नव्हतं. तीन खोल्या, त्यातली एक कायम ओल आलेली. मोरीच्या नळाला चिंधी बांधलेली. सासूबाई मुख्य, मुलं पाठीमागे त्यांना मॅनेजर म्हणत, तोंडावर म्हणायची छाती कुणाला नव्हती. थोरला दीर पिस्तूल दाखवायचा. पिस्तूल खरं होतं, पण गंजून त्याचा घोडा कधीच बसला होता. दिराचा घसा मात्र चालू होता, त्यावर भागायचं. नणंदेने दोन नवरे सोडले होते आणि दोघांनी त्याबद्दल देवाचे आभार मानले असावेत. तिचं काम आत शिरून कॅशियरला बोलण्यात गुंतवायचं. धाकटा, म्हणजे हिचा नवरा, पिशवी धरायचा. बँकेतही पिशवी, बाजारातही पिशवी. त्याच्या हाताला दुसरं काही शोभतच नव्हतं.

आधी गाडी थोरला चालवायचा. एका कामानंतर त्याने घाईघाईत रिव्हर्स घेतला आणि गाडी थेट पोलीस चौकीच्या भिंतीवर नेऊन ठोकली. चौकीत कुणी जागं नव्हतं म्हणून कुटुंब वाचलं. त्या दिवशी सासूबाईंनी ठरवलं, की ड्रायव्हर हवा. पण बाहेरचा ड्रायव्हर म्हणजे त्याला वाटा आला, आणि उद्या तो फुटला तर? सून आणली की घरातल्या घरात. वाटा नाही, आणि वर चहाही करते.

तिला हे सगळं कळलं ते पहिल्या कामाच्या दिवशी. "बँकेत जाऊन येऊ" म्हणून सगळे निघाले, ती बाहेर गाडीत बसली, आणि थोड्या वेळाने सगळे तोंडाला रुमाल बांधून धावत आले. तिने गाडी चालवली. दुसरं काय करणार होती? घरी आल्यावर मोरीत जाऊन ओकली. सासूबाई बाहेरून म्हणाल्या, "झालं का? चहा टाक मग." त्या रात्री नवरा म्हणाला, मला वाटलं आईने तुला सांगितलं असेल. त्याला नेहमी वाटायचं की आईने सांगितलं असेल.

मग ती गेली का नाही निघून? जायला जागा नव्हती, हे खरं. टेम्पो सासूबाईंनी लग्नानंतर महिन्याच्या आत विकायला लावला होता. आणि तिचं लायसन्स त्यांनी आपल्या लोखंडी कपाटात टाकलं होतं. किल्ली कमरेला. "सुनेच्या मौल्यवान वस्तू सासूकडे असलेल्या बऱ्या," त्या म्हणाल्या होत्या. त्या घरात कपाटं फोडण्यात हात बसलेली माणसं होती, पण ते एक कपाट फोडायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. हरवलं म्हणून दुसरं लायसन्स काढावं, तर आधी पोलिसात तक्रार द्यावी लागते. त्या घरातून पोलिसात कोण जाणार?

लायसन्स तिला फक्त कामाच्या दिवशी मिळायचं. तेही तिने हट्ट धरला म्हणून. खिशात लायसन्स नसेल तर मी गाडीला हात लावणार नाही, असं तिने दुसऱ्याच कामाच्या वेळी बजावलं होतं. सगळे हसले होते. बँक लुटायला निघालीय आणि लायसन्स मागते. पण ती हटली नाही, आणि वेळ टळत होती, तेव्हा सासूबाईंनी कपाट उघडलं. घरी परतल्यावर पहिलं काम, लायसन्स परत.

तिची गाडी चालवायची रीतच तशी होती. लाल दिवा दिसला की थांबायची. झेब्रा पट्ट्यांवर म्हातारा दिसला की थांबायची. इशारा दिल्याशिवाय वळायची नाही, ठरवून दिलेल्या वेगापुढे काटा जाऊ द्यायची नाही, आणि सगळ्यांनी पट्टे लावल्याशिवाय गिअर टाकायची नाही. वडिलांनी शिकवलं होतं, पळणाऱ्या गाडीकडे सगळं गाव बघतं, नीट चाललेल्या गाडीकडे काळं कुत्रंही बघत नाही. आणि खरंच, इतक्या वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. पोलिसांच्या गाड्या सायरन वाजवत शेजारून गेल्या होत्या, आणि हिने त्यांना डावीकडे होऊन रस्ता दिला होता.

पण त्याचं कौतुक? घरात तिचं नाव पडलं होतं कासव. "कासवाने पुन्हा सिग्नल धरला." "कासवा, दाब की जरा, बैलगाडी आहे का?" थोरला मागून पाठीत बोट खुपसायचा. नणंद म्हणायची, "वहिनी, आम्हाला तुरुंगात पोचवूनच थांबणार आहेस का?" एकाने गाडी चौकीवर घातलेली, बाकीच्यांना क्लच कुठला नि ब्रेक कुठला हे सांगता आलं नसतं, पण ती सगळी मागे बसून उंटावरून शेळ्या हाकायची. पुढच्या सीटवर सासूबाई. त्या बोलत नसत, नुसता हात हलवत. तळहात उताणा, बोटं पुढे: चल, चल, चल. लाल दिवा असो, शाळेची पोरं असोत, तो हात चालूच. झोपेतसुद्धा तिला तो हात दिसायचा.

त्या घराचा एक नियम होता आणि तो सगळ्या नियमांच्या वर होता. आईच्या आधी कुणी बसायचं नाही, आईच्या आधी कुणी उठायचं नाही. जेवायला, टीव्हीसमोर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही. एकदा जेवण चालू असताना दूध उतू जाऊन गॅस विझला, घरभर वास सुटला, पण सासूबाईंचं बोटं चाटून होईपर्यंत कुणी जागचं हललं नाही. गाडीतही तेच. बँकेची घंटा कोकलत असायची आणि थोरला, नणंद, नवरा पिशवीसकट फुटपाथवर उभे, कारण सासूबाईंचा गुडघा धरलेला आणि त्या अजून एक पाय आत घेत असायच्या. मग खिडकी कुणाची यावरून मागे दोघांची जुंपायची. आतून ती फक्त म्हणायची, "पट्टे लावा."

तिने हे सगळं गिळलं. कौतुकाने नव्हे, प्रेमाने तर नव्हेच. ती त्या माणसांचा मनापासून द्वेष करत होती, आणि तो द्वेष तिने गाडीसारखाच नीट, कुठे खरचटू न देता चालवला होता.

मग एक दिवस एका बसच्या मागे तिने पाटी वाचली. शहर बससेवेला चालक हवेत, महिलांनीही अर्ज करावेत. गाडीत सासूबाई बाजूला होत्या, त्यांचा हात चल चल करत होता, आणि ती त्या पाटीमागे सिग्नलला थांबलेली. अख्खा लाल दिवा तिने ती पाटी वाचण्यात घालवला.

अर्ज तिने खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या मदतीने केला. पत्ता त्यांचा, फोन त्यांचा, कारण हिचा फोन नणंद तपासायची. शिंपीणबाई तोंडाने फटकळ पण पोटात राखणाऱ्या. एका शनिवारी दुपारी ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्ताने त्यांनी तिला बोलावलं आणि तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाल्या, "डेपोतून फोन होता. सोमवारी चाचणी. लायसन्स घेऊन या म्हणतायत. खरं लायसन्स, झेरॉक्स चालणार नाही."

"लायसन्स कपाटात आहे."

"मग काढ."

"ते फक्त कामाच्या दिवशी निघतं."

शिंपीणबाईंनी टाचण्या काढल्या. त्यांना काम कसलं ते माहीत नव्हतं, किंवा माहीत असून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. "मग सोमवारी काम काढ," त्या म्हणाल्या.

आता हे सांगायला सोपं. पण त्याच संध्याकाळी, चहाचे कप गोळा करता करता, ती सहज म्हणाली की बाजाराजवळच्या त्या बँकेसमोर मंगळवारपासून रस्ता खणणार आहेत म्हणे, मग गाडी उभी करायला जागा नाही. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलंही नाही. कासवाचं कोण ऐकतं? पण थोड्या वेळाने त्या स्वतःच थोरल्याला म्हणाल्या, "त्या बँकेचं सोमवारी सकाळीच उरकून टाकू. खणायला लोक येतायत तिकडे. तुमच्या लक्षात नसतं, मला सगळं बघावं लागतं." तिने कप धुतले. एक फुटला.

सोमवारी सकाळी सासूबाईंनी कपाट उघडलं आणि लायसन्स तिच्या पुढ्यात टाकलं. तिने ते उचलून ब्लाउजमध्ये ठेवलं, खिशात नाही. नवऱ्याने ते पाहिलं. त्याला वाटलं असेल, आईने सांगितलं असेल.

बँकेत काय झालं ते तिला गाडीतल्या भांडणावरून कळलं. आत एक माणूस रांग सोडून पुढे घुसला होता आणि सासूबाईंनी, तोंडाला रुमाल बांधलेला असताना, त्याला मागे पाठवून त्याच्या घरच्या वळणाबद्दल चार शब्द ऐकवले होते. थोरला दरोडेखोराच्या आवेशात ओरडत असताना ह्या रांग लावत होत्या. नणंदेचं म्हणणं, आईमुळे उशीर झाला. थोरल्याचं म्हणणं, नणंदेने कॅशियरशी साडीच्या भावावर बोलणं काढलं म्हणून उशीर झाला. नवरा पिशवी मांडीवर घेऊन तिच्यामागे दाराशी बसला होता. बाहेर पहारेकरी शिट्टी फुंकत होता आणि सासूबाई दुसरा पाय आत घेत होत्या.

"पट्टे लावा," ती म्हणाली.

लावले. तिने रुमाल सोडायला लावले, उजवा इशारा दिला, आरशात पाहिलं आणि निघाली. पहिल्या चौकात दिवा लाल झाला. ती थांबली. शेजारी पोलिसांची मोटरसायकल येऊन उभी राहिली. आतलं भांडण जागच्या जागी थांबलं. शिपायाने आत डोकावून पाहिलं, एक म्हातारी, एक बाई, नीट पट्टे लावलेली माणसं. दिवा हिरवा झाला आणि तो भरकन निघून गेला. तो दिसेनासा होईपर्यंत थोरल्याने श्वास रोखला होता, मग तो सोडला आणि म्हणाला, "कासवामुळे आज मेलो असतो."

पिशवी लपवायच्या गोदामाकडे जायला पुढे डावीकडे वळायचं होतं. ती सरळ गेली.

"चुकलीस," नणंद म्हणाली.

तिने गिअर बदलला.

"अगं ए, चुकलीस! आंधळी आहेस का?"

"नाही," ती म्हणाली, आणि डेपोच्या फाटकासमोर गाडी कडेला घेऊन थांबवली. तिथे मोठ्या अक्षरांत पाटी होती: वाहन उभे करू नये, उचलून नेण्यात येईल. पाटी दिसली नाही असं तिला म्हणता आलं नसतं. तिला सगळ्या पाट्या दिसत. तिने गाडी चालवायला घेतल्यापासून मोडलेला हा पहिला नियम होता, आणि तो तिने शांतपणे, हँडब्रेक ओढून मोडला.

"ही कसली जागा?" सासूबाई म्हणाल्या.

"बसडेपो. माझी चालकाची चाचणी आहे. मी आता जाते."

मागे दोघं एकदम बोलायला लागली. सासूबाईंनी हात वर केल्यावर गप्प झाली. "चालक? तू?" सासूबाई हसल्या, आणि खरंच, मनापासून हसल्या. "लोक पैसे देऊन बसणार तुझ्या मागे? पोचायला वर्ष लावशील."

तिची कानशिलं तापली. इतक्या वर्षांनंतरही तापली, याचा तिला जास्त राग आला. "किल्ली लावलेली आहे, आई," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा ज्याला बरं चालवता येतं, त्याने न्यावी गाडी."

कुणी हाललं नाही. थोरला खिडकीबाहेर बघायला लागला. त्याला चौकीची भिंत आठवली असावी.

"आम्ही इथेच बसणार," सासूबाई म्हणाल्या. "गाडी माझ्या नावावर आहे. तुझं काय ते नाटक उरकून ये, आणि मग बघते तुझ्याकडे. तोवर कुणी हलणार नाही. ऐकलं का रे?"

मुलांनी ऐकलं.

ती उतरली आणि मागचं दार उघडलं. नवरा तिच्या बाजूला होता. पिशवी मांडीवर, पट्टा लावलेला. "ती पिशवी ठेवा," ती हळू म्हणाली, "आणि तुम्ही उतरा. आपण दोघं चालत आत जाऊ. पुढचं पुढे बघू."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, उतरेल. त्या क्षणी तिला खरंच वाटलं, कारण त्याचा हात पट्ट्याच्या बटणावर गेला होता. लग्नापासून ती या एका माणसाला वेगळा धरत आली होती, बाकीच्यांत मोजत नव्हती. मग त्याने पुढच्या सीटकडे पाहिलं.

"आधी आई उतरू देत," तो म्हणाला.

"मी का उतरू?" सासूबाई म्हणाल्या.

तिने दार लावलं. हळूच लावलं, आपटलं नाही.

परीक्षक चष्मा कपाळावर चढवलेला, चिडका माणूस होता. बाई बघून त्याचं तोंड आणखी वाकडं झालं. लायसन्स उलटसुलट करून पाहत त्याने विचारलं, "दंड?"

"एकही नाही."

"अपघात?"

"नाही."

"इतके दिवस काय चालवत होतात?"

"घरची गाडी. घरच्यांना कामावर न्यायचं, परत आणायचं."

"काय करतात घरचे?"

"बँकेत असतात," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली, बरं वाटलं त्याला. मग आवारात तिला बस मागे घ्यायला लावली, दोन खांबांच्या मधून. तिने घेतली. दुसऱ्यांदा जास्त अरुंद. तीही घेतली. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाला. शाबासकी नव्हती, पण शिवीही नव्हती. "चला, रस्त्यावर काढा," तो म्हणाला आणि तिच्या बाजूच्या दांड्याला धरून उभा राहिला.

फाटकातून बस बाहेर काढताना तिला दिसलं. गाडी उचलणारी क्रेन आली होती. वाहतुकीचा हवालदार सासूबाईंच्या काचेवर टकटक करत होता. काच थोडी खाली झाली.

"उतरा, बाई. गाडी उचलायची आहे."

"मी उतरणार नाही. गाडी माझी आहे."

"तुम्ही तरी उतरा," हवालदार मागे वाकून म्हणाला. मागच्या तिघांनी समोर पाहिलं. सासूबाईंची पाठ ताठ होती. नवऱ्याच्या मांडीवर एवढी मोठी पिशवी होती, बाहेर डेपोच्या भिंतीपलीकडे गल्ल्याच गल्ल्या होत्या, आणि तिघांना मिळून सहा पाय होते. एकही हलला नाही.

"नाही ना उतरत? मग चला असेच कचेरीत," हवालदार म्हणाला. "रोज भेटतात एकेक नमुने." त्याने क्रेनवाल्याला खूण केली.

क्रेनने गाडी मागच्या बाजूने उचलली. चौघंही पुढे कलली आणि पट्ट्यांत लटकली. ते पट्टे तिनेच लावायला लावले होते. क्रेन निघाली, आणि गाडीचं तोंड मागे, म्हणजे बसकडे. तिची बस नेमकी त्यांच्या मागे आली.

"अंतर ठेवा," परीक्षक म्हणाला.

तिने ठेवलं. समोरच्या काचेतून सासूबाई तिला दिसत होत्या, इतक्या समोरासमोर त्या दोघी कधी बसल्या नव्हत्या. सासूबाईंनीही तिला ओळखलं. आधी त्यांचं तोंड उघडं राहिलं. मग हात वर आला. तळहात उताणा, बोटं वाकवून: चल, चल, चल. ये मागे. सोडू नकोस आम्हाला. पुढच्या दोन सीटांच्या मधून नवऱ्याचा चेहरा दिसत होता. त्याने आईकडे पाहिलं, मग बसकडे, आणि पिशवी घट्ट धरली.

चौकात क्रेन पिवळ्यावर निघून गेली. हात अजून हालत होता, आता जोरात. बस नेता आली असती, जेमतेम.

तिने ब्रेक दाबला. दिवा लाल झाला.

"निघता आलं असतं," परीक्षक म्हणाला.

"लाल होणार होता," ती म्हणाली. तिला रडू येत होतं, एका माणसासाठी, चौघांसाठी नाही. परीक्षकाने हातातल्या कागदावर काहीतरी खूण केली आणि क्रेन डावीकडे वळून दिसेनाशी झाल्यावर म्हणाला, "उजवीकडे घ्या." तिने इशारा दिला. मागे सगळ्या जागा रिकाम्या होत्या आणि एकीवरूनही कुणी काही बोललं नाही.

वाहतूक कचेरीच्या आवारात गाडी खाली ठेवताच सगळं उघडं पडलं, हे सांगायला नको. पिशवीवर बँकेचंच नाव छापलेलं होतं. संध्याकाळभर ती शिंपीणबाईंच्या मशीनमागे बसून पोलिसांची वाट बघत होती. सासू आपलं नाव घेणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. पोलीस आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. तिला बसचा बिल्ला मिळाला, तेव्हाही नाही.

का आले नाहीत ते तिला तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत कळलं. ती सासूबाईंना भेटायला गेली कारण तिला जाणून घ्यायचं होतं, दुसरं कारण नव्हतं. नवऱ्याला ती भेटायला गेली नाही. मधे जाळी, दोन बाजूंना दोन लाकडी बाकं. सासूबाई थोड्या वाळल्या होत्या, पण सुंभ जळला तरी पीळ जागच्या जागी होता. आपण बसल्यावरच हिने बसावं, म्हणून त्यांनी खुणेने तिला थांबवलं. सवयीने ती थांबलीही. त्या बसल्या, मग ती बसली.

"त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवायचं," सासूबाई म्हणाल्या. "तो थोरला तुझं नाव घ्यायला तोंड उघडत होता. मी म्हटलं, गप्प बस. साहेबांना सांगितलं, मीच चालवायचे."

ती बघत राहिली. ती जाळीजवळ सरकली. कितीही झालं तरी. "माझ्यासाठी, आई?"

"तुझ्यासाठी?" सासूबाईंना प्रश्नच कळला नाही. "उद्या लोकांनी काय म्हणावं? एवढ्या बँका मारल्या, आणि त्या कशावर, तर सुनेच्या ड्रायव्हिंगवर? तुला येतं काय गं? मी हात हलवायचे तेव्हा गाडी चालायची. विनालायसन्स म्हणून वर सहा महिने जास्त दिले मेल्यांनी. देऊ देत."

ती वाचली होती, आणि ज्या गोष्टीने वाचली त्या गोष्टीने तिचं रक्त उकळलं. जाळीला धरून ओरडावं असं तिला वाटलं, की मी चालवली, प्रत्येक वेळी मीच चालवली, एक ओरखडा नाही, एक दंड नाही. पण पलीकडे हवालदारीण उभी होती. ते वाक्य तिला जन्मभर गिळावं लागणार होतं, आणि ते सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर त्या अशा आरामात बसल्या होत्या.

"त्या दिवशी मी हात केला होता तुला," सासूबाई म्हणाल्या. "बघितलास. तरी थांबलीस."

"दिवा लाल होता."

"घरची माणसं बघायची की दिवा?"

भेटीची वेळ अजून संपली नव्हती. सासूबाईंना पुष्कळ बोलायचं होतं, थोरल्याबद्दल, इथल्या चहाबद्दल, हिने पुढच्या वेळी काय काय आणायचं त्याबद्दल. त्या गुडघा चोळत, पाय लांब करून नीट बसल्या.

ती उठली.

सासूबाईंचं बोलणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी तिच्याकडे खालून वर पाहिलं, आणि त्यांचा हात बाकावर टेकला, घाईघाईने, तिच्या आधी उठायला. पण गुडघा धरला होता. तिने पदर खोचला, बिल्ला सरळ केला आणि त्या अजून बसलेल्या असताना दाराकडे चालायला लागली.